मानेची गादी सरकलीय आणि तोलही जातोय? टोपी, लेझर आणि टिकली घेऊन बसा

तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि झोक गेला, नळ धरला म्हणून वाचलो. असं दोन-तीनदा झाल्यावर घरचे म्हणाले बीपी असेल, मग कान तपासला, सगळं नॉर्मल. शेवटी फिजिओने विचारलं मान कशी आहे, आणि सी५-सी६ची, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली, गादी सरकल्याची फाईल तर कपाटात कधीची पडलेली!

कसंय, तोल सांभाळायला मेंदू डोळे, आतला कान आणि स्नायू-सांधे या तिघांकडून खबर घेतो. कवटीच्या खाली मानेत जे बारीक स्नायू आहेत ना, त्यात हे खबरे ठासून भरलेत. मान दुखते, आखडते, खबर चुकीची जाते. डोळे उघडे असतात तोवर निभावतं, मिटले की पितळ उघडं.

आधी एक सांगतो. हातातून कप सुटतोय, शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना पाय अडखळतात, लघवीवर ताबा राहत नाही, असलं काही असेल तर मज्जारज्जू दबत असू शकतो, पुढचं काही करू नका, सरळ स्पाइनच्या डॉक्टरकडे जा. अचानक दोन-दोन दिसायला लागलं किंवा जीभ अडखळली तर तडक हॉस्पिटल.

आता टेस्ट. जुन्या टोपीला पुढून लेझर पेन रबरबँडने बांधा (पोरांना लांब ठेवा, डोळ्यात गेलं तर वाईट). भिंतीपासून डोकं ९० सेंमीवर येईल अशी खुर्ची ठेवा, शिवणाची टेप असतेच घरात. ताठ बसा, समोर बघा, ठिपका पडेल तिथे टिकली चिकटवा. डोळे मिटा, मान हळूच उजवीकडे सोसेल तेवढीच वळवा, परत मध्ये आलो असं वाटलं की थांबा आणि मग डोळे उघडा. ठिपका टिकलीपासून किती लांब? पेन्सिलने खूण करा, परत टिकलीवर या, असं सहा वेळा, मग डावीकडून सहा. सरासरी ७ सेंमीच्या वर गेली तर गडबड आहे, म्हणजे साधारण साडेचार अंश चूक. पहिल्यांदा माझा ठिपका स्विचबोर्डावर होता आणि मी छातीठोकपणे मध्येच आहे म्हणत होतो.

व्यायाम म्हणजे हीच टेस्ट, फक्त प्रत्येक वेळी डोळे उघडून चूक दुरुस्त करायची. ते जमलं की भिंतीवर खडूने आडवा आठ काढा आणि डोळे उघडे ठेवून ठिपका त्यावरून मुंगीच्या वेगाने फिरवा. तिसरा प्रकार, नजर टिकलीवर खिळवून फक्त मान थोडी-थोडी डावी-उजवी, हा मला सगळ्यात कंटाळवाणा वाटतो पण सोडू नका. रोज दोनदा पाच-पाच मिनिटं पुरे, जास्त केलं तर मान संध्याकाळी हिशोब मागते. हातात कळ उतरली किंवा मुंग्या वाढल्या तर थांबा, फिजिओला विचारा.

तोलासाठी स्वयंपाकाच्या ओट्याला लागून उभं राहायचं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, ३० सेकंद. सहज जमायला लागलं की मान हळू फिरवत. डोळे मिटून करायचं ते सगळ्यात शेवटी, तेही कुणी शेजारी असताना.

आणि तोवर अंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून करा, लाजू नका.