आबांना कान तपासायला नेण्याआधी

तारीख ठरवण्याआधी एवढं बघा की घाई कशाची आहे आणि कशाची नाही. ऐकणं वर्षानुवर्षं हळूहळू कमी झालं असेल तर पुढची तयारी निवांत करा. पण कालपर्यंत नीट असलेला कान आज उठल्यावर बंद झाला, किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकणं गेलं, तर ही यादी बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. "गार हवेनं दडा बसलाय, सुटेल" म्हणत आठवडे काढणारे पुष्कळ येतात. नस अचानक निकामी होण्याच्या या प्रकारात स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतो. कान वाहतोय आणि सोबत गरगरतंय, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, किंवा थोडाच पण घाण वासाचा पू वर्षानुवर्षं येतोय, तरीही आधी डॉक्टर. शेवटच्या प्रकारात कानातलं हाड आतून झिजत असू शकतं.

घाई नसेल तर आधी एक वही करा. मी तपासणीच्या खोलीत काचेच्या अलीकडे बसते. पलीकडे बसलेल्या माणसाच्या कानाचा आलेख मला मशीन देतं, पण त्याचं घरात काय अडतं ते मशीनला कळत नाही. म्हणून आठवडाभर टिपून ठेवा. टीव्हीचा आवाज किती आकड्यावर असतो, फोन कुठल्या कानाला लावतात, सुनेचं आणि नातवंडांचं बोलणं जास्त चुकतं की मुलाचं, समोर बसून बोललं तर कळतं का, आणि पाठीमागून हाक मारली तर वळून भलतीकडेच बघतात का. एकाच कानात शिट्टी किंवा घूं असा आवाज सतत येतो का, हेही विचारा. दोन्ही कानांत सारखा असेल तर तो बहुधा वयाचा सोबती असतो. एकाच बाजूला असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा.

वहीत सगळ्यात कामाच्या ठरतात त्या चुका. नुसतं "ऐकू येत नाही" असं लिहू नका, काय ऐकू आलं ते लिहा. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत भाजीवाली "साठ" म्हणते आणि आबा आठ रुपये काढून देतात. वयामुळे आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी झिजतात तेव्हा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ, थ, ख ही अक्षरं त्या पट्टीत असतात. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दमदार, ते शाबूत राहतात. म्हणजे शब्दाचा आवाज पोचतो, त्याच्या कडा पोचत नाहीत. म्हणूनच आबा म्हणतात, "मला सगळं ऐकायला येतंय, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलताय." हा हट्ट नाही, त्यांना खरोखर तसंच ऐकू येतं. अंबाबाईच्या देवळातली घंटा त्यांना स्वच्छ ऐकू येते यावरून वाद घालू नका. घंटा ऐकू येणं आणि बोलणं समजणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

दुसरी नोंद, मोठ्यानं बोलल्यावर काय होतं? पुष्कळ घरांत हे असंच चालतं: हळू बोललं तर "काय?" आणि जोरात बोललं तर "ओरडतोस कशाला?" आतला कान बिघडला की बारीक आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज आधीइतकेच, कधी जास्तच टोचतात. ऐकू येण्याची आणि सहन होण्याची रेघ जवळ येते. श्रवणयंत्र लावताना मोठ्या आवाजाची मर्यादा त्यावरच ठरते, म्हणून भांडं पडल्यावर किंवा कुकरची शिट्टी झाल्यावर ते दचकतात का, हे लिहून आणा.

कामाचा इतिहास अर्ध्या पानात लिहा. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्रीत कोणी किती वर्षं काढली आणि कुठल्या खात्यात, हे नेमकं सांगा. फेटलिंग (ओतलेल्या भागाच्या खडबडीत कडा काढणं) आणि ग्राइंडिंगवाल्यांचा कान हा ऑफिसात बसलेल्यांच्या कानापेक्षा वेगळा निघतो. आवाजानं गेलेल्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. भारतात कारखान्यासाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि आवाजामुळे आलेलं बहिरेपण कायद्यानं नोंदवायच्या रोगांमध्ये धरलेलं आहे. गुऱ्हाळाचं इंजिन, ट्रॅक्टर, आयुष्यभर वाजवलेली हलगी यांचीही नोंद करा. विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचल्यावर दोन दिवस कान गुणगुणत होता, हे तरुण पोरांनीही लपवू नये.

तालमीत घाम गाळलेल्या जुन्या माणसांचे कान मोडलेले असतात. त्यानं बाहेरचा आकार बिघडतो, ऐकण्याची नस बिघडत नाही. मात्र कानाचं तोंड अरुंद झालं असेल तर मळ अडकतो आणि यंत्राच्या, कानात बसणाऱ्या साच्याचं माप घेताना वेळ जातो. हे आधी सांगितलंत तर बरं.

औषधांची पिशवी तशीच्या तशी उचलून आणा, चिठ्ठी शोधत बसू नका. पूर्वी क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झाली होती का, दवाखान्यात दाखल असताना जेंटामायसिन किंवा अमिकासिन दिलं होतं का, कॅन्सरसाठी सिस्प्लॅटिन झालंय का, हे आठवा. ही औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. साखर आणि रक्तदाबाचे अलीकडचे रिपोर्ट सोबत असू देत.

आता खुद्द कान. तपासणीच्या आधी घरी काहीही घालू नका. कोमट तेल नको, लसणाचं तेल तर नकोच, आणि काडी, हेअरपिन, स्कूटरची किल्लीही नको. पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं. आपल्याकडच्या पावसात ओलसर कानाला बुरशी लवकर धरते, त्यात तेल पडलं की तिचं आयतंच फावतं. मळ असेल तर डॉक्टर दुर्बिणीतून बघून काढतील, कधी आधी थेंब घालून मऊ करायला सांगतील. मळ काढल्यावरच तपासणी करायची. मळाचं बूच असलेल्या कानाचा आलेख घेऊन यंत्र घेणं म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणं. जोराची सर्दी असेल तर तारीख पुढं ढकला. आदल्या दिवशी लग्नाचा बँड, कारखान्याची पाळी, हेडफोन टाळा. थकलेला कान काही तास खोटं बोलतो.

लहान मूल असेल तर ही यादीच वेगळी. "आमच्यात सगळेच उशिरा बोलतात" हे ऐकून थांबू नका. जन्मल्यावर महिन्याभरात चाळणी तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, असा क्रम जगभर धरतात. बेरा ही आवाजाला नस आणि मेंदू काय प्रतिसाद देतात ते बघणारी तपासणी झोपेत होते, म्हणून बाळाला वाटेत झोपू देऊ नका. दवाखान्यात पोचल्यावर पाजा, मग ते झोपेल.

आबांसोबत कोण जाणार हे ठरवा. ज्याच्याशी त्यांचं दिवसभर बोलणं होतं तोच माणूस बरा, म्हणजे बहुतेक घरांत सून किंवा आई. गाडी आहे म्हणून भाच्याला पाठवू नका. चष्मा आणि कवळी विसरू नका. खोलीत हेडफोन लावून बारीक टूं-टूं ऐकवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. "अगदी बारीक, शंका आली तरी दाबा," एवढंच आबांना घरी समजावा. मग कानामागच्या हाडावर एक ठोकळा ठेवून तेच पुन्हा, नंतर शब्द म्हणायला लावतात, आणि पडदा किती हलतो ते बघायला कानात बोंडी लावून हवेचा दाब देतात. दुखत काहीच नाही. तासभर धरून चला.

कागद हातात आल्यावर तिथंच उभं राहून समजून घ्या. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. २० डेसिबलच्या आत असेल तर ठीक, ३५ ते ५० मध्यम, ६५ च्या पुढे तीव्र. पण या आकड्यापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. पहिली, हाडावरून घेतलेली रेघ चांगली आणि हवेतून घेतलेली खराब, असा फरक आहे का? असेल तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे: पडद्याचं भोक, मागे साठलेलं पाणी, रिकिबीचं हाड अडकणं. यातलं बरंच औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं सुधारतं, मग यंत्राचा विषय डॉक्टरांनी बघितल्यानंतरच. दुसरी, शब्द ओळखण्याची टक्केवारी. आवाज पुरेसा मोठा करूनही शंभरातले चाळीसच शब्द कळत असतील तर कितीही महागाचं यंत्र आणलं तरी गप्पा पूर्ण कळणार नाहीत, हे घरच्यांनी त्याच दिवशी ऐकलेलं बरं.

यंत्र घ्यायला जाताना हाच कागद घेऊन जा, आणि समोरचा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं मोजून यंत्र बसवणारा तज्ज्ञ) आहे ना, ते विचारा. यात संकोच नको. ऑनलाइन मिळणारं स्वस्त यंत्र बहुधा सगळेच आवाज सरसकट वाढवतं, आणि आबांना खालच्या पट्टीची वाढ नकोच असते. चॅनेल (यंत्र आवाजाचे जितके पट्टे वेगळे हाताळतं ते) किती याच्या आकड्यावर भाळू नका. विचारायचं ते हे: घरी वापरून बघायला किती दिवस मिळतील, नंतरच्या सेटिंगच्या भेटी किमतीत धरल्यात का, कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष पोचणारा आवाज मोजता का, दुरुस्ती कोल्हापुरात होते की यंत्र पुण्या-मुंबईला जातं, आणि तोवर दुसरं देता का. दोन्ही कान गेले असतील तर यंत्रंही दोन लागतात. एकावर भागवलं तर आवाज कुठून येतो ते कळत नाही, आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर चारजण एकदम बोलतात तिथं आबा नुसती मान हलवत बसतात.

निवड करताना बोटं बघा. साखरेनं बोटांच्या टोकांना मुंग्या येत असतील तर कानात पूर्ण लपणारं इवलंसं यंत्र रोज काढघाल करणं जमत नाही. कानामागचं, साच्याचं यंत्र दिसायला मोठं, पण हाताळायला सोपं. सेल बदलायला जमत नसेल तर चार्जिंगचं घ्या. सेलवालं असेल तर रंग पाठ करा: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. हे सेल हवेवर चालतात. चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा, आणि एकदा पट्टी काढली की वापरा न वापरा, सेल उतरत जातो. नातवंडं रांगती असतील तर सेल कुलपात. गिळला तर अन्ननलिका जाळतो, तडक दवाखाना.

पैशाचं थोडक्यात. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिल पक्कं घ्या. वय ६५ च्या वर आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३००० रुपये एकदा खात्यावर येतात आणि साहित्याच्या यादीत श्रवणयंत्र आहे. त्यात दोन कानांचा खर्च निघत नाही, पण सोडू नका. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि सीपीआर या सरकारी दवाखान्यात जाताना आधार, फोटो, जुने रिपोर्ट न्यायचे. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल गेलं तर ऐकू कमी येणारा आणि ७० च्या वर गेलं तर बहिरा अशी व्याख्या आहे. ५० डेसिबलवाल्या आबांना यंत्राची गरज पुरेपूर असते आणि कागदावर ते बसत नाहीत. ही कायद्यातली फट मला पटत नाही, पण आहे ती अशी आहे.

यंत्र घरी येण्याआधी घराची तयारी करा. जूनच्या आधी सिलिका जेल टाकलेली घट्ट झाकणाची डबी आणा, यंत्र रात्री त्यात झोपेल. अंघोळ, केसांचं तेल आणि न्हाव्याकडं जाताना यंत्र बाहेर. शिट्टी वाजली की आधी साचा नीट बसलाय का आणि कानात मळ आहे का ते बघा, दुकानदाराला फोन नंतर. उजव्या यंत्रावर लाल खूण असते, डाव्यावर निळी. आबांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवा, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल. स्वयंपाकघरातून हाका मारणं बंद, समोर येऊन नाव घ्या, मग बोला. एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य वरच्या पट्टीत नको, शब्द बदला.

पहिल्या दिवशी तासभर, घरात, एका माणसाशी बोलताना. स्वतःचाच आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, पंख्याची घरघर आणि पेपराची सळसळ त्रास देते. काही आठवडे हे चालणार. पहिल्याच आठवड्यात लग्नाच्या हॉलमध्ये नेऊ नका. तिथं चांगल्या कानांचीही दमछाक होते, आणि आबा यंत्र काढून खिशात घालतील ते पुन्हा घालणार नाहीत.

पुढच्या भेटीला ऑडिओलॉजिस्ट यंत्र संगणकाला जोडतात तेव्हा बऱ्याच यंत्रांत रोज सरासरी किती तास वापरलं ते दिसतं. आबा म्हणतात दिवसभर घालतो, यंत्र म्हणतं पाऊण तास. तो आकडा चारचौघांत त्यांना सुनावू नका. नेमकं कुठल्या वेळी काढून ठेवता, तेवढं विचारा. जेवताना काढत असतील तर ताटवाटीचा आवाज टोचतोय, आणि त्याची सेटिंग तिथंच बदलता येते.