ऑपरेशनच्या आधी-नंतर हॉस्पिटलची खाट विनाकारण अडू नये म्हणून

जखम भरायला लागणारे दिवस टळत नाहीत. वाया जातात ते आधीचे आणि नंतरचे.

दापोली-गुहागरहून रत्नागिरीला रुग्ण आदल्या दिवशी दाखल होतो आणि मग कळतं की साखर वाढलीय किंवा रक्त कमी आहे. ऑपरेशन पुढे ढकललं, खाट मात्र अडली. म्हणून हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी आणि भूलतज्ज्ञांची तपासणी आठवडाभर आधीच गावाजवळ उरकून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेव्हाच सांगा. काही गोळ्या पाच-सात दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण स्वतःच्या मनाने नव्हे.

उपाशीपोटाचा घोळ नेहमीचा. साधारण नियम असा: हलकं खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. पेज पातळ दिसली तरी ती अन्नच. पहाटे वाटीभर पेज पाजली की भूल देताना उलटी फुफ्फुसात जाण्याचा धोका, आणि त्या दिवसाच्या ऑपरेशनच्या यादीतला नंबर चुकला.

नंतर, डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी रुग्णाला खाटेवर बसवा, चालवा. पडून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, छातीत कफ साठतो. लघवीची नळी कधी काढणार, हे रोज विचारा. ती जितकी राहील तितका संसर्गाचा धोका.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून (सरकारी मोफत उपचार) ऑपरेशन करायचं असेल तर रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव दाखल होण्याआधी जुळवा. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी गाडी ठरवा, दाभोळची फेरीबोट धरायची असेल तर वेळ विचारून ठेवा, आणि टाके काढायची तारीख कागदावर लिहून घ्या.