रोडवरच्या रेस्टॉरंटला नवीन ड्राइव्ह-वे काढताय? ट्रॅफिक मोजताना या चुका टाळा

इंदूरात बायपासला नाहीतर खंडवा रोडला रेस्टॉरंट काढायचं ठरलं की आधी किचन ठरतं, मग एसी हॉल, मग सेल्फी पॉइंट, आणि गेट कुठून काढायचं ते सगळ्यात शेवटी कंपाउंडवाल्या ठेकेदाराला विचारतात. मग ट्रॅफिकचा रिपोर्ट मागितला की घाईघाईत कुठला तरी काउंट चिकटवून देतात, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

काउंट बहुतेक वेळा मंगळवार-बुधवारी ऑफिसच्या टायमाला घेतलेला असतो, कारण मोजणारी पोरं तेव्हा मोकळी असतात. अहो पण तुमची गर्दी रविवारी रात्री साडेआठ ते दहा! पोहे-जिलेबीचं दुकान असेल तर रविवारी सकाळी. खंडवा रोडला तर पावसाळ्यातला रविवार वेगळाच, चोरलकडून परतणारे, ओंकारेश्वरहून येणारे, सगळे एकदमच भुकेले होतात. तो दिवस सोडून केलेला सर्व्हे म्हणजे नुसता कागद.

आता खरी मोठी चूक, तासाचा आकडा घेऊन गप्प बसणे. समजा पीक अवरला ८० गाड्या आत वळल्या. ऐकायला काहीच नाही. पण त्यातल्या ३० एकाच १५ मिनिटांत आल्या तर तो वेग तासाला १२० चा झाला, आणि जाम होतो तो त्याच १५ मिनिटांत. त्यात गेटवर टोकन देणारा भाऊ एका गाडीला ४० सेकंद घेत असेल तर १५ मिनिटांत जेमतेम २२ गाड्या आत जातील, उरलेल्या ८ कुठं उभ्या राहणार? एका गाडीला ६ मीटर धरा, म्हणजे जवळपास ४८ मीटरची लाइन, आणि गेटच्या आत जागा दोन गाड्यांची. बाकीची सगळी लाइन रोडवर. हा हिशोब पाचवी पास माणूसही करेल पण रिपोर्टमध्ये क्वचितच दिसतो, तिथं रंगीत ग्राफ असतात.

दुसरं एक आवडतं वाक्य म्हणजे "हे लोक तसेही याच रोडने चाललेत, नवीन ट्रॅफिक कुठंय". अर्धं खरं आहे. रोडवरच्या एकूण गाड्या फारशा वाढत नाहीत हे मान्य, पण सरळ जाणारी गाडी आता तुमच्या गेटशी ब्रेक मारून वळणार, नंतर परत बाहेर येऊन ट्रॅफिकमध्ये घुसणार, तेव्हा ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी प्रत्येक गाडी मोजावीच लागते.

काही जण आयटीईच्या (अमेरिकेतली ट्रॅफिक इंजिनिअरांची संस्था) मॅन्युअलमधला दर उचलतात, म्हणजे हजार चौरस फुटांमागे किती गाड्या येतात तो. तिकडे माणूस कारने येतो, आपल्याकडे बर्थडे पार्टी चार स्कूटर, दोन कार आणि एका ऑटोत बसून येते. त्यापेक्षा आसपासचं तेवढ्याच सीटांचं चालू रेस्टॉरंट बघा, त्याच्या गेटवर उभं राहून मोजा. आणि टू-व्हीलरला डोळे झाकून अर्धा पीसीयू (म्हणजे एक गाडी किती कारच्या बरोबर धरायची तो आकडा) लावू नका, इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या, १०६ नंबरच्या कोडमध्ये ट्रॅफिकमध्ये त्यांचा वाटा १० टक्के किंवा जास्त असला की ०.७५ दिलाय, इंदूरात तो जास्तच आहे हे सांगायला नको.

आत येणाऱ्यांचं बघतात, बाहेर जाणाऱ्यांचं विसरतात. मध्ये डिव्हायडर असेल तर जेवून निघालेला माणूस पुढच्या कटपर्यंत जाऊन यू-टर्न घेईल असं नकाशात बाण काढून दाखवतात. कट लांब असला की तो सर्व्हिस रोडने रॉंग साईड जातो, सगळ्यांना माहितीय. म्हणून जवळचा कट किती अंतरावर आहे ते मोजा आणि त्या कटवरचा काउंटही घ्या, त्रास गेटवर नाही तर तिथं निघतो.

दिसण्याचं अंतरही दुपारी, रिकाम्या रोडवर बघतात. ८० च्या स्पीडला गाडी थांबायला आयआरसीप्रमाणे १२० मीटर लागतात, १०० ला १८०. ड्रायव्हरचा डोळा १.२ मीटर उंचीवर धरून बसून बघा, तेव्हा कळतं की तुमचाच फ्लेक्स, कुंड्या आणि बाहेर लावलेला लोडिंग टेम्पो आडवे येतात.

परमिशनचं थोडक्यात. टीएनसीपीतून (टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ऑफिसातून) नकाशा पास झाला म्हणजे गेट पास झालं असं नसतं. जमीन नॅशनल हायवेला लागून असेल तर २००२ च्या हायवे जमीन-ट्रॅफिक कायद्याखाली ॲक्सेसची परवानगी वेगळी लागते, ती आधी बघा मग फरशी बसवा.

गेट आधीच झालंय आणि रोज रात्री हॉर्न वाजतायत? मग तोडफोड लगेच नको. पहिल्यांदा टोकनवाल्याला गेटवरून उचलून पार्किंगच्या आतल्या टोकाला उभा करा, बऱ्याच ठिकाणी एवढ्यानंच लाइन आत येते. नाही आली तर इन आणि आउट वेगळं करा, डिलिव्हरीवाल्या पोरांना बाजूला वेगळी जागा द्या, नाहीतर ती गेटच्या तोंडावरच बाइक लावतात. एवढं करूनही रविवारी लाइनचं शेपूट रोडवर येत असेल तर मग गेट मागे सरकवायला लागेल, त्यात पार्किंगच्या चार-पाच जागा जातील.