आरव्ही झाडाखाली, आपण सायकलवर: सेंट ऑगस्टिन

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अठ्ठावीस फुटी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेऊन थेट जुन्या गावात घुसलो. गल्ल्या स्पॅनिशांच्या काळातल्या. बायको खाली उतरून हातवारे करतेय, मागून हॉर्न वाजतायत आणि मी आरशात बघत घामाघूम. जागा काही मिळाली नाही, निमूट परत फिरलो. म्हणून आधी एवढं पक्कं करा: फ्लोरिडातल्या या गावात आरव्ही न्यायची नाही.

ती उभी करायची खाडीवरच्या पुलाअलीकडे, ॲनास्टेशिया स्टेट पार्कमध्ये. वीज-पाणी जागेवरच मिळतं, सांडपाण्याची जोडणी मात्र नाही. त्यामुळे टाकी रिकामी करूनच या, आणि निघताना डंप स्टेशनला, म्हणजे सांडपाणी ओतायच्या जागी, जाऊन या. आतले रस्ते अरुंद, ओकच्या फांद्या खाली आलेल्या. बुकिंग करताना गाडीची लांबी खरी सांगा, मागे सायकलींचा रॅक असेल तर तोही मोजा. फ्लोरिडावाल्यांना 11 महिने आधी बुकिंग करता येतं, आम्हा बाहेरच्यांना 10. डिसेंबरात जायचं तर फेब्रुवारीतच जागे व्हा. उन्हाळ्यात जाऊ नका असंच मी सांगेन. उकाडा तर आहेच, वर दुपारी विजांचा पाऊस.

सकाळी सायकल काढली की लगेच गावाकडे पळू नका. पार्कच्या गेटजवळच कोकिनाची जुनी खाण आहे, तिथे पाच मिनिटं थांबा. कोकिना म्हणजे शिंपल्यांचा दगड. जवळून पाहिलं तर नखाएवढे शिंपले एकमेकांना चिकटलेले दिसतात, काहींवरच्या रेघासुद्धा शाबूत. खाणीतून काढला तेव्हा हा दगड मऊ असतो, वाळला की कडक होतो. इथूनच तो खाडीपलीकडे नेऊन 1672 ते 1695 या काळात स्पॅनिशांनी कास्तियो दे सान मार्कोस हा किल्ला बांधला. आता त्याच दगडाच्या मागे आपण जायचं.

बाहेर पडून उजवीकडे वळलात की रस्ता सपाट आहे. वाटेत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह लागतं. 1874 सालचं, 219 पायऱ्यांचं. चढायचं तर जातानाच चढा, येताना पाय ऐकत नाहीत. पुढे ब्रिज ऑफ लायन्स, तोच खाडीवरचा पूल. तिथे मी उतरून फुटपाथवरून सायकल ढकलत नेतो, कारण गाड्या अगदी अंगाला घासून जातात. बोटीसाठी पूल उघडला तर रखडावं लागतं. रखडा, बघण्यासारखं असतं.

पूल उतरून उजवीकडे, पाण्याच्या कडेने गेलं की किल्ला. सायकलींना बाहेर कुलूप लावा. तिकीट सात दिवस चालतं, ते फेकू नका.

मी मूळचा वसईचा, किल्ला दिसला की तट हाताने चाचपून बघायची खोड आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून वसईचा बुरूज उडवला. पुढच्याच वर्षी, आम्ही आता राहतो त्या शेजारच्या जॉर्जिया राज्याचा संस्थापक, इंग्रज ऑगलथॉर्प, इथल्या स्पॅनिश किल्ल्यावर तोफा डागत बसला होता. पण या शिंपल्यांच्या दगडात पोकळ्या फार. तट फुटायच्या ऐवजी गोळे आत रुतायचे. वेढा उठवून तो हात हलवत परत गेला. आम्ही जॉर्जियाची नंबर प्लेट घेऊन इथे येतो, कोणी काही बोलत नाही म्हणा.

सेंट जॉर्ज स्ट्रीट फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे, आणि दुकानांत माझा जीव रमत नाही. सायकलची खरी मजा दक्षिणेला लिंकनव्हिलमध्ये. 1866 मध्ये गुलामीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेली ही वस्ती. रस्ते शांत, जुनी लाकडी घरं. 1964 च्या नागरी हक्कांच्या लढ्यात इथली माणसं पुढे होती. घरांसमोरच्या पाट्या वाचत सावकाश फिरा.

दुसऱ्या दिवशी ओहोटीची वेळ बघून पार्कच्या किनाऱ्यावर चालवा. ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते, कोरड्या वाळूत चाक रुततं. वारा कुठून आहे ते आधी बघा आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा. संध्याकाळी डोळ्यांना न दिसणारी चिलटं चावतात, पायांना काहीतरी चोपडा.

आणि परतल्यावर, चहा टाकायच्याही आधी, सायकल गोड्या पाण्याने धुवा, पुसा, चेनला तेल घाला. मी एकदा "सकाळी बघू" म्हणालो. सकाळी चेन तांबडी झाली होती.