यीस्टचा एस-फेज चेकपॉइंट तपासताय? या चुका टाळा

हायड्रॉक्सीयुरियाच्या प्लेटवर स्ट्रेन वाढला नाही, की वहीत ‘चेकपॉइंट गेला’ असं लिहून टाकायचं, ही सवय आधी सोडा. चेकपॉइंट म्हणजे एस-फेजमध्ये डीएनएची नक्कल अडली, की पेशीचं विभाजन थांबवून धरणारी यंत्रणा. पेशी वाढल्या नाहीत, एवढंच प्लेट सांगते. का वाढल्या नाहीत, ते सांगत नाही. हायड्रॉक्सीयुरियामुळे डीएनटीपी (डीएनएचा कच्चा माल) आटतात, पॉलिमरेज (डीएनए तयार करणारी एन्झाइम्स) रखडतात, एकेरी डीएनए उघडा पडतो. त्यावर आरपीए हे प्रथिन बसतं, मेक१ हे कायनेज (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) येतं आणि रॅड५३ हे पुढचं कायनेज जागं होतं. हे सगळं सुरळीत झालं, पण थांबलेले फोर्क (डीएनएची नक्कल चालते त्या जागा) नंतर चालूच झाले नाहीत, तरी पेशी मरतेच.

पॉलिमरेज मंद म्हणजे चेकपॉइंट बाद, हेही खरं नाही. पॉलिमरेज एप्सिलॉनमधल्या पोल२चा डीएनए तयार करणारा एन-टोकाकडचा भाग काढला तरी यीस्ट रखडत का होईना जगतं. १९९५ साली पोल२चं नाव चेकपॉइंटशी जोडलं गेलं ते सी-टोकाकडच्या म्यूटंटमुळे.

म्हणून आल्फा फॅक्टरने (यीस्टच्या मीलन-संप्रेरकाने) पेशी जी१मध्ये, म्हणजे नक्कल सुरू होण्याआधीच, थांबवा, धुवा आणि २०० मिलिमोलर हायड्रॉक्सीयुरियात सोडा (५० मिलीला ०.७६ ग्रॅम). दोन तास, दर अर्ध्या तासाने नमुना घ्या. मोठी कळी, मानेपाशी एकच केंद्रक, आखूड स्पिंडल (गुणसूत्रं ओढणारे तंतू) दिसला तर चेकपॉइंट काम करतोय. स्पिंडल लांबला असेल तर शंका घ्या. नुसती मोठी कळी बघून ‘जी२मध्ये थांबली’ म्हणू नका; जी२ नक्कल पूर्ण झाल्यावर येतो, इथे डीएनए अर्धवटच असतो.

दुसरी चूक वेस्टर्न ब्लॉटची (जेलवर प्रथिन ओळखण्याची), आणि ती आठवडेच्या आठवडे खाते. साध्या बफरमध्ये, बर्फावर काचेच्या मण्यांनी पेशी फोडल्या. रॅड५३चा एकच बँड आला. म्यूटंटमध्ये सिग्नल नाही असं ठरलं आणि पुढचे सगळे प्रयोग त्यावर उभे राहिले. त्याच जेलवर वाइल्ड टाइपचा हायड्रॉक्सीयुरिया दिलेला नमुनाही वर सरकलेला नव्हता, पण तिकडे कुणी पाहिलंच नाही. जागं झालेल्या रॅड५३वर फॉस्फेट लागतात, म्हणून त्याचा बँड वर सरकतो; पण पेशी फुटताच फॉस्फटेज हे फॉस्फेट काढून टाकतात. पेशी थेट २० टक्के टीसीएमध्ये (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लात) फोडा. सॅम्पल बफर पिवळं पडलं तर आम्ल उरलंय. निळं होईपर्यंत १ मोलर ट्रिस थेंबाथेंबाने घाला. मग ८ टक्के जेलवर, घाई न करता, लांब पळवा. वाइल्ड टाइप सरकल्याशिवाय म्यूटंटबद्दल एक शब्दही लिहू नये.

मेक१ किंवा रॅड५३ काढलेला स्ट्रेन एसएमएल१ही काढल्यावरच जगतो. एसएमएल१ डीएनटीपी बनवण्याला आवर घालतं; ते गेलं की डीएनटीपी वाढतात. त्यामुळे तुलना वाइल्ड टाइपशी नाही, फक्त एसएमएल१ काढलेल्या स्ट्रेनशी करा.

बार१ (आल्फा फॅक्टर तोडणारं एन्झाइम) शाबूत असेल तर आल्फा फॅक्टर ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली लागतो; बार१ नसेल तर ५० नॅनोग्रॅम पुरतो. घड्याळ बघून नाही, ९० टक्के पेशींना टोक आलेलं मायक्रोस्कोपखाली बघूनच सोडा.

तापमान-संवेदी म्यूटंटचा फ्लास्क नुसता ३७ अंशांच्या शेकरमध्ये ठेवू नका, तो तापायला वेळ लागतो. २५ अंशांच्या कल्चरमध्ये तेवढंच ४९ अंशांचं माध्यम मिसळा.

आणि पेपर वाचताना आधी यीस्ट कोणतं ते बघा. बेकरच्या यीस्टमधलं सीडीसी२ म्हणजे पॉलिमरेज डेल्टा, पोल३. पोंबे या दुसऱ्या यीस्टमधलं सीडीसी२ म्हणजे सायक्लिनवर चालणारं कायनेज. बेकरच्या यीस्टमधल्या मेक१चा पोंबेतला जोडीदार रॅड३. पण बेकरच्याच यीस्टमधलं रॅड३ हे डीएनए दुरुस्तीचं हेलिकेज आहे.