मस्टँगवर जुन्या वळणाचे जोडपट्टे

2005 च्या फोर्ड मस्टँगने साठच्या दशकातले तीन-तीन खणांचे मागचे दिवे परत आणले. 2008 च्या डॉज चॅलेंजरने स्वतःची 1970 ची गाडी समोर ठेवली, 2010 च्या शेवरले कॅमॅरोने 1969 ची. जुनेपण कंपन्यांनी पत्र्यातच घातलंय. वर क्रोमचे तुकडे चिकटवू नका, दोन सरळ पट्टे पुरेत.

पट्ट्यांसाठी रेडियमवाल्याकडे 'कास्ट' व्हाइनलच (ओतून बनवलेली पातळ चिकट फिल्म) मागा. स्वस्तातली कॅलेंडर्ड (रुळांत दाबून ताणलेली) फिल्म उन्हात आकसते, मग कडेला गोंदाची काळी रेघ उघडी पडते आणि तिच्यावर धूळ बसते. 5 फुटी रोलची 2 मीटर लांबी घ्या: त्यातून 25 सेंटिमीटरचे सहा पट्टे निघतात, बॉनेट, टप आणि डिकीला दोन-दोन. बंपरचे तुकडे उरलेल्यात भागतात.

बेळगावात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. ओल्या हवेत फिल्मखालचं पाणी सुकत नाही. नोव्हेंबरनंतर, दुपारी, बंद शेडमध्ये करा. खानापूर रस्त्याची तांबडी माती शॅम्पूने पूर्ण निघत नाही. आधी क्ले बार (रुतलेला मळ ओढून काढणारी मऊ वडी) फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेण राहिलं तर कडा उचलणारच.

मधली रेघ आखण्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल. दोन्ही फेंडरच्या फटींपासून टेपने मोजा, बॉनेटपासून डिकीपर्यंत दोरा ताणा, पंधरा पावलं मागे जाऊन बघा. 2015 नंतरच्या मस्टँगचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, चुंबक धरत नाही. फिल्म मास्किंग टेपनेच अडकवा.

लिटरभर पाण्यात बेबी शॅम्पूचे तीन-चार थेंब टाकून पत्र्यावर फवारा आणि वर फिल्म ठेवा. कडेला फेल्टचं मऊ कापड लावलेली प्लास्टिकची पट्टी फिल्मवरून मधून कडेकडे ओढा. बुडबुडा राहिला तर टाचणीने टोचा. फटींवर फिल्म कापायला ब्लेड नको, रंगात चीर पडली की तिथून पुढे दुरुस्तीच. नाइफलेस टेप वापरा, तिच्यातला बारीक दोरा ओढला की फिल्म कापली जाते. बॉनेटच्या पुढच्या ओठाखाली एक सेंटिमीटर दुमडा, नाहीतर चोर्ला घाटात समोरच्या ट्रकची खडी तीच कड सोलते. ताणलेल्या जागी हीट गनने 90 अंशांपर्यंत ऊब द्या, म्हणजे फिल्म मागे ओढली जात नाही.

आठवडाभर धुऊ नका, नंतरही प्रेशरचा फवारा कडेवर तिरका मारू देऊ नका. सगळ्या गाडीचाच रंग बदलणार असाल तर मात्र आधी आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्या.