झाडाखाली पडून राहिलेल्या गाडीचा पेंट पॉलिशरने परत कसा आणायचा

मामाची 2009 ची काळी आय-टेन सोसायटीत झाडाखाली तीन वर्षं नुसती उभी होती, वर चीक, पक्ष्यांची घाण, बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके आणि उन्हात बघितलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. मामा म्हणाला सरळ रंगवून टाकू. मी म्हटलं थांब, कंपनीचा पेंट आहे, तसा बाहेर परत मिळत नाही, आधी पॉलिश करून बघू. दोन वीकेंड गेले पण गाडी वाचली.

आधी एक नीट समजून घ्या. रंगाच्या वर क्लिअरकोट नावाचा पारदर्शक थर असतो, साधारण 35 ते 50 मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही बारीक. पॉलिशने ओरखडा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूचा थर घासून सपाट होतो म्हणून तो दिसेनासा होतो, आणि घासलेलं परत येत नाही. त्यामुळे ओरखड्यावरून नख फिरवा, नख अडकलं तर तो खोल आहे, त्याच्या मागे लागू नका. छतावर पापुद्रे सुटत असतील तर तिथे क्लिअरकोटच संपलाय, तिथे रिपेंटच लागतो. आणि गाडी खूप जुनी असेल तर एका कोपऱ्यात पांढऱ्या कापडाने थोडं पॉलिश हाताने चोळून बघा, कापडाला गाडीचा रंग आला तर क्लिअरकोट नाहीये, मग थेट रंगच घासला जाणार हे लक्षात ठेवून अजून हलक्या हाताने.

धुणं दोन बादल्यांनी, एकीत शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी, दर वेळी फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून मग शॅम्पूत. चिकावर ओलं फडकं ठेवून तो मऊ होऊ द्या, खरवडू नका. पाण्याच्या ठिपक्यांवर व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं, एक-दोन मिनिटात धुऊन टाका. मग पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून पेंटवरून फिरवा, नुसत्या हाताला न कळणारी खरखर लगेच कळते, ती क्ले बारने (पेंटला चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) काढायची, शॅम्पूचं पाणी भरपूर मारत. क्ले जमिनीवर पडला तर फेकूनच द्या, पैसे गेले तरी चालतील, त्यात अडकलेली वाळू सगळी गाडी ओरबाडेल.

पॅनलच्या कडा, रबर, काळं प्लॅस्टिक, सगळ्याला मास्किंग टेप. कडेला पेंट पातळ असतो, फाटतो तो तिथेच.

पॉलिशरचं मशीन ड्युअल ॲक्शनच घ्या, ज्याला डीए म्हणतात, त्यात पॅड गोल फिरता फिरता हलतोही. गॅरेजमध्ये असतं ते रोटरी, त्यात पॅड नुसता एका जागी गोल फिरतो, पटकन कापतं पण एका जागी थांबलं की पेंट जळतो. आणि घरातल्या लोखंड कापायच्या अँगल ग्राइंडरला पॅड लावायचा विचारसुद्धा करू नका, तो 11000 आरपीएमवर फिरतो.

आता मुख्य काम. सावलीत, पॅनल हाताला गार लागत असताना, उन्हाळ्यात तर सकाळीच. आधी दोन बाय दोन फुटाचा एक तुकडा घेऊन सगळ्यात मऊ फोमचा पॅड आणि फिनिशिंग पॉलिश (सगळ्यात बारीक), भागलं नाही तर मीडियम, तरीही नाही तरच कंपाउंड, म्हणजे सगळ्यात जास्त कापणारं. मला बॉनेट आणि छतावर कंपाउंड लागलं, दारांना मीडियम पुरलं. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, मशीन बंद असतानाच पेंटवर टेकवा, 1 नंबरवर पसरवा मग 4-5 वर, सेकंदाला इंचभर एवढं सावकाश, आधी आडवं मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. बॅकिंग प्लेटवर, म्हणजे पॅड ज्या चकतीला चिकटतो तिच्यावर, मार्करने एक रेघ मारा, ती फिरताना दिसली पाहिजे, थांबली तर दाब जास्त होतोय. बंपर प्लॅस्टिकचा, उष्णता तिथेच साठते, म्हणून तिथे कमी वेळ. दर तुकड्यानंतर पॅड ब्रशने साफ करा, पाच-सहा पॅड तरी हवेत, मळलेल्या पॅडने नवे ओरखडे येतात.

पुसल्यावर लगेच खूश होऊ नका, पॉलिशचं तेल ओरखडे लपवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा, जे दिसेल ते खरं. कंपाउंड मारलेल्या ठिकाणी शेवटी फिनिशिंग पॉलिश लागतंच, काळ्या रंगावर तर नक्कीच, नाहीतर धुरकट दिसतं.

मग पेंटच्या संरक्षणासाठी वॅक्स किंवा सीलंट (वॅक्सचंच कृत्रिम रूप), पातळ थर. आणि रोज सकाळी बादलीभर पाणी आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात ना, ते ताबडतोब बंद करा, ती जाळी बहुतेक तिथूनच येते. मामाने बंद केलं, आता रविवारी स्वतः धुतो. डिकीवर एक ओरखडा राहिलाय, नख अडकतं त्यात, तो तसाच ठेवलाय.